फडताळाचे दार : थोडा इतिहास, थोडी दुरुस्ती

मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविला. लढाया कधी झाल्या, तह कोणी केले, गादीवर कोण बसले, हे मुलींकडून घोकून घेतले. पण त्याच मुली पुढे ज्या खोलीत आयुष्याचा मोठा भाग घालविणार होत्या, त्या खोलीचा इतिहास कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. यंदा कार्यकारिणीने मंडळाच्या स्वयंपाकघरातील चौदा कपाटांच्या दारांना आवाज न करता मिटण्याची सोय करून घेण्याचे काम माझ्याकडे सोपविले. काम लहान, परंतु ते करताना दाराची बिजागरी कोठून आली, स्वयंपाकघरात कपाट केव्हा आले, आणि दाराच्या आवाजाची चिंता बायकांनाच का करावी लागली, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. त्यांची जी उत्तरे हाती लागली, ती वर्धापनदिनाच्या या अंकात मांडते.

आपल्या भागातील जुन्या घरांपासून आरंभ करू. माझा जन्म १९५० साली कल्याणात, गावठाणातील एका वाड्यात झाला. त्या स्वयंपाकघरात कपाट म्हणून वेगळे काही नव्हते. भिंतीच दोन-दोन हात जाड. त्यांतच कोनाडे आणि एक फडताळ. कोनाड्यात दिवा, मिठाची बरणी, काडेपेटी. दूध-दही मांजराच्या भयाने शिंक्यावर. मडक्यांची उतरंड कोपऱ्यात, पितळेची भांडी फळीवर किंवा मांडणीवर, आणि धान्य कोठीच्या खोलीत. साऱ्या स्वयंपाकघरात दार असलेली वस्तू एकच, ती म्हणजे फडताळ. त्यात तूप, साखर, गूळ, सुका मेवा, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले जिन्नस.

हे फडताळ सागाचे असे. साग आपल्याला परका नाही. मुरबाड-शहापूरकडच्या रानांतला साग कल्याणला उतरे, आणि त्या लाकडावर हात बसलेले सुतारही येथे पुष्कळ. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजे बांधविली, हे आपण सर्वजणी अभिमानाने सांगतो. ज्या गावात समुद्रावर जाणारे लाकूड जोडले गेले, त्या गावात फडताळाचे दार चोख बसावे यात नवल नाही.

त्या दारांना आजच्यासारखी लोखंडी बिजागरी नेहमी असेच असे नाही. जुन्या दारांत कडेच्या लाकडालाच वर व खाली गोल टोक काढलेले असे. ती टोके चौकटीच्या भोकांत बसत आणि दार त्यांवर फिरे. लाकूड लाकडावर घासले की आवाज हा होणारच. आजी महिन्यातून एकदा कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून त्या भोकात पिळी. थंडीच्या दिवसांत तेल थिजे आणि दार पुन्हा करकरू लागे.

पण भगिनींनो, हे करकरणे सर्वांनाच नकोसे होते असे समजू नका. आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट सांगते. ती नऊ-दहा वर्षांची असताना लग्न होऊन त्या वाड्यात आली. दुपारी भूक लागे. फडताळात गूळ आहे हे ठाऊक असे. परंतु दार उघडले की ते असे करकरे की ओटीवर निवडत बसलेल्या सासूबाईंना तेथूनच कळे. कुलूप लावण्याची गरजच नव्हती. "दारच चहाडखोर होते ग," असे आजी म्हणे. पुढे ती स्वतः घरातील कर्ती झाली, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला, आणि तेलाचा बोळा फिरविण्याचे काम तिने मुद्दाम आपल्याकडे घेतले. आपल्या सुनांच्या वेळी दार करकरू नये, एवढीच तिची इच्छा. एका घराच्या इतिहासात ही सुधारणा लहान नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवू. दाराचा आवाज हा नुसता आवाज नसतो. तो कोणाला ऐकू जातो आणि त्याबद्दल कोणाला बोलणी बसतात, यावर त्याची किंमत ठरते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढल्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत पोहोचली. आगगाडीने आपल्या गावांना काय दिले, याची यादी मोठी आहे. स्वयंपाकघरापुरते बोलायचे तर तिने दोन गोष्टी दिल्या. एक, मुंबईच्या बाजारातील लोखंडी सामान. नागदेवी स्ट्रीटवरचे खिळे, स्क्रू, कड्या आणि बिजागऱ्या आता सुताराच्या पिशवीतून सहज येऊ लागल्या. दुसरी, घड्याळ. घरातील पुरुष मुंबईस नोकरीला जाऊ लागले आणि चुलीला गाडीची वेळ आली. चारला उठावे, सहाच्या आत डबा भरावा, आणि हे सर्व घरातील बाकीची मंडळी निजलेली असताना करावे, हा जो नेम आपल्या आया-आज्यांना लागला, तो गाडीनेच लावला. आज आपणही गाडी धरतो आणि डबाही भरतो, हा भाग निराळा.

वाड्यात हे एक वेळ निभावे, कारण निजण्याची खोली माजघरापलीकडे असे. खरी अडचण झाली ती चाळीत. ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याण स्टेशनाजवळ चाळी उभ्या राहिल्या. दोन खोल्या, त्यांतली आतली स्वयंपाकाची, आणि रात्री तीच निजायची. या चाळींत फडताळ नव्हते, कारण भिंती जाड नव्हत्या. त्याऐवजी आली जाळीची डोली. बारीक तारेच्या जाळीचे लाकडी कपाट, आत दूध, दही, उरलेली पोळी-भाजी. हवा खेळावी म्हणून जाळी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. दाराला एक फिरती लाकडी पट्टी. ती पट्टी सैल झाली की दार आपोआप उघडे आणि खाली गादीवर निजलेल्या पोराच्या डोक्याशी येऊन थांबे. अशा खोलीत पहाटे स्टोव्ह पेटवायचा, पंप मारायचा, डोली उघडायची आणि कोणाची झोप मोडू द्यायची नाही! प्रायमस स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये निघाला. त्याच्या कर्त्याला डोंबिवलीतील एका खोलीत सात माणसे निजतात याची कल्पना कोठून असणार?

माझे लग्न १९७३ साली होऊन मी डोंबिवलीला आले, तेव्हा आमच्या चाळीत एका बाईंविषयी "ती दारे आपटते" असे सांगितले जाई. एवढे एकच वाक्य, पण त्यात तिच्या माहेरापासून तिच्या स्वभावापर्यंत सर्व काही आले. मी तिच्या घरी जाऊन पाहिले. डोलीचे दार पावसाने फुगलेले. जोर लावल्यावाचून ते मिटतच नव्हते. दोष सुताराचा आणि श्रावणाचा; ठपका मात्र तिच्यावर.

आता ओट्याकडे येऊ. चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करणे सोडून उभे राहून करणे, हा आपल्या घरांतील फार मोठा बदल. तो एका दिवसात झाला नाही. मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा सिलिंडरचा गॅस १९५५ साली आला. हळूहळू तो आपल्याकडेही पोहोचला. १९५९ साली हॉकिन्सचा प्रेशर कुकर निघाला, आणि त्याचा कारखाना पुढे आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे काम वागळे इस्टेटपासूनच सुरू झाले. कारखान्यांबरोबर नोकऱ्या आल्या, नोकऱ्यांबरोबर वस्ती. १९६३ साली मालकीच्या फ्लॅटसंबंधीचा कायदा झाला. गिरगाव-दादरच्या चाळींत वाढलेली जोडपी स्वतःच्या जागेसाठी ठाणे-डोंबिवलीकडे येऊ लागली, आणि त्या जागांत बांधणाऱ्याने आधीच घालून दिलेला ओटा असे.

उभ्याने करण्याच्या स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार युरोपात एका बाईने केला, हे सांगावयास मला आनंद वाटतो. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या कामगारवस्त्यांसाठी स्वयंपाकघराचा नमुना काढला. जागा सुमारे सत्तर चौरस फूट. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर तिने पाहिले. बाईची पावले मोजून काय कोठे ठेवावे ते ठरविले. पीठ-साखरेसाठी अॅल्युमिनियमचे खण केले. भिंतीला दारांची कपाटे बसविली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या काळी बांधली गेली. त्यापूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. २००० साली, वयाच्या १०३व्या वाढदिवसाला काही दिवस उरले असता, त्या वारल्या. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचे मूळ तेथे आहे.

आपल्याकडचा ओटा मात्र देशी वळणाचा. वर काळा कडप्पा, खालीही कडप्प्याच्या उभ्या-आडव्या पाट्या, आणि पुढे दार नाही. त्या उघड्या खणांपुढे आपण सर्वजणींनी पडदे लावले. पडदा तेलकट होई, त्यामागे झुरळे रमत, आणि सिलिंडर बदलताना तो हमखास तुटे. मग कोणी सुताराला बोलावून कडप्प्याला लाकडी चौकट मारून घेतली आणि तिला प्लायवुडची दारे लावली. वरून सनमायका. त्या चकचकीत तक्त्याचे मूळ अमेरिकेतील फॉर्मायका; १९१२ साली विजेच्या सामानात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी तो काढला होता. घराघरांतील ओट्याखालच्या दारांवर तो येईल, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नसेल.

याच काळात सुताराच्या पिशवीत आणखी एक डबा आला. पूर्वी लाकूड चिकटविण्यास सरस लागे. तो विस्तवावर पातळ करायचा, त्याचा वास घरभर, आणि थंड होण्याआधी हात उरकायचा. १९५९ साली फेव्हिकॉल निघाला आणि सरसाचे भांडे मोडीत गेले. प्लायवुड, सनमायका आणि फेव्हिकॉल या तिघांनी मिळून आपल्या स्वयंपाकघरांना दारे दिली.

परंतु ही दारे हलकी, सपाट आणि गुळगुळीत. सागाचे दार जड असल्याने मिटताना सावकाश येई. हे हलके दार हात सुटताच आपटे. ते उघडे राहू नये म्हणून लोहचुंबकाची कडी लावली, तर तिने दार खेचून अधिकच आपटले. कडप्प्याच्या पोकळीत तो आवाज घुमे. डब्यांचे झाकण, कुकरची शिट्टी, मिक्सर, आणि त्यात ही दारे! पाहुणे बाहेर बसले असताना आतून दार वाजले की "काय ग, झाले काय?" असा प्रश्न ठरलेला.

याला उपाय निघाला तो युरोपात, आणि त्याचे मूळ लाकडाच्या टंचाईत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे सागा-ओकाऐवजी भुशाच्या दाबलेल्या पाट्या वापरू लागले. या पाटीच्या कडेत स्क्रू धरत नाही. तेव्हा बिजागरी कडेला न लावता दाराच्या आतल्या अंगाला गोल खोबण पाडून तिच्यात वाटीसारखी बसवावी, अशी युक्ती निघाली. ही वाटी ३५ मिलिमीटर रुंदीची. तीच जगभर रूढ झाली. मिटल्यावर ती बाहेरून दिसत नाही, आणि तिच्यातील स्प्रिंग दाराला शेवटी आत ओढून घेते. या कामातील दोन नामांकित कंपन्यांचा आरंभ पाहा. हेटिच १८८८ साली जर्मनीत घड्याळाचे भाग करण्यापासून निघाली. ब्लुम १९५२ साली ऑस्ट्रियात घोड्याच्या नालांना लावण्याच्या खिळ्यांपासून. नालापासून नथीपर्यंत म्हणतात तसे, हे लोक नालापासून बिजागरीपर्यंत आले.

स्प्रिंगने दार मिटू लागले, पण आपटणे थांबले नाही. ते थांबविले तेलाने. ब्लुमने २००१ साली दार मंद करणारी जोडणी बाजारात आणली. आता ती अनेक कंपन्या करतात. तिची रचना समजण्यास सोपी आहे. बोटाच्या पेराएवढी एक बंद नळी, तिच्यात दट्ट्या, आणि दट्ट्याभोवती घट्टसर सिलिकॉन तेल. दार मिटायला आले की ते दट्ट्याला टेकते. दट्ट्या आत सरकायचा तर तेलाला अगदी अरुंद वाटेने मागे जावे लागते. तुम्ही हळू ढकला, तेल हळू वाट देते. जोराने ढकला, तेल तितकाच मोठा विरोध करते. म्हणून रागाने लोटलेले दार आणि प्रेमाने लोटलेले दार शेवटची दोन बोटे जवळपास सारख्याच चालीने चालते. होळीची पिचकारी आठवा: तोंडाचे भोक बारीक असले की दांडा कितीही दाबला तरी तो एकदम आत जात नाही. बँकेच्या दारावरचा मोठा डोअर-क्लोजर याच कुळातला.

आता आपल्या चौदा दारांची हकीकत. कार्यकारिणीत दोन मते होती. एक, सारे काढून नवे मॉड्युलर करावे. दुसरे, आहे त्यालाच जोड द्यावी. मी दुसऱ्या मताची. प्लायवुड अजून चांगले होते. मोजक्या बिघाडासाठी सारा सांगाडा भंगारात घालणे हे मंडळाच्या पैशाला शोभणारे नव्हे. मिस्त्रींना बोलावून एकेक दार तपासले, तेव्हा ती तीन प्रकारची निघाली.

पहिली आठ दारे वाटीच्या बिजागरीची, स्प्रिंग शाबूत असलेली. यांचे काम सोपे. दाराला नव्हे, तर कपाटाच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, एक लहान डॅम्पर दोन स्क्रूंनी बसविला. दारास एक पुरतो. दार फार मोठे व जड असेल तर दोन. जागा कोणती, याला महत्त्व आहे. बिजागरीपासून जितका दूर बसवाल, तितका त्याचा विरोध तरफेच्या नियमाने वाढतो. हलके दार असून डॅम्पर मुठीच्या बाजूस बसविला, तर दार पुरते मिटतच नाही, दोन बोटे उघडे राहते. म्हणून लहान दारांना तो बिजागरीच्या बाजूस बसविला. स्क्रूची लांबीही सांभाळावी: १८ मिलिमीटरच्या प्लायला १६ मिलिमीटरचा स्क्रू, त्याहून मोठा घेतला तर सनमायका फोडून पलीकडे निघतो.

पुढच्या दोन दारांच्या बिजागऱ्यांची स्प्रिंग गंजली होती. तेथे डॅम्पर लावून उपयोग नव्हता, बिजागरीच बदलली. जुने भोक ३५ मिलिमीटरचे असल्याने आत मंद करणारी जोडणी असलेली नवी बिजागरी त्याच भोकात बसली. घेताना एवढेच पाहावे की दार बाजूची पाटी पूर्ण झाकते, अर्धी झाकते, की चौकटीच्या आत बसते. तिन्हींसाठी बिजागरीचा बाक वेगळा असतो, आणि मिस्त्री लोक त्याला क्रँक म्हणतात. दुकानात नुसते "सॉफ्ट-क्लोज द्या" म्हणून मागू नये. जुनी बिजागरी काढून सोबत न्यावी.

शेवटची चार दारे ओट्याखालची, उभ्या लांब पियानो बिजागरीची. २६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या सभागृहात गुडघाभर पाणी होते, ते काही जणींना आठवत असेल. या दारांच्या खालच्या कडा तेव्हापासून फुगलेल्या. आणि पियानो बिजागरीला स्प्रिंग नसते. हे नीट समजून घ्या, कारण पुष्कळ घरांत येथेच पैसे वाया जातात. डॅम्पर दाराला थांबवितो, ओढत नाही. ओढणारे कोणी नसेल तर दार दट्ट्याला टेकून तसेच उभे राहते. मिस्त्रींनी कडा रंध्याने तासून त्यांवर नवी पट्टी चिकटविली, पियानो बिजागरी काढून वाटीची बसविली, आणि मगच डॅम्पर लावला. जुन्या स्क्रूची भोके सैल झाली होती. ती फेव्हिकॉलमध्ये बुडविलेल्या लाकडी काड्यांनी भरून एक रात्र वाळू दिली. चुंबकाच्या कड्या चौदाही दारांच्या काढून टाकल्या, कारण चुंबक आणि डॅम्पर एकमेकांशी भांडतात.

देखभाल थोडीच आहे. डॅम्परमध्ये तेल घालू नये. तो बंद असतो, आणि गळू लागला तर बदलावा लागतो. बिजागरीच्या सांध्याला वर्षातून एकदा शिवणयंत्राचे तेल एक थेंब. खोबरेल नको, ते थिजते आणि त्यावर पीठ-हळद चिकटते. दार मिटत असताना हाताने दाबून घाई करू नये. फोडणीचा तेलकट थर महिन्याने पुसावा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत स्प्रिंग गंजते, म्हणून ओट्याखाली ओले फडके ठेवण्याची सवय सोडावी.

हे सर्व करावे की नाही यावर सभेत चर्चा झाली, तीही नोंदविते. एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या, "दार हळू लावावे हे आईने शिकविले, आता त्याला यंत्र कशाला?" दुसऱ्या म्हणाल्या, "मग राग आला तर आपटायचे काय?" सगळ्या हसल्या. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे.

आपले पाळणाघर स्वयंपाकघराला लागून आहे. दुपारी एक ते तीन मुले निजतात, आणि त्याच वेळी संध्याकाळच्या खाऊची तयारी चालते. ती करणाऱ्या आपल्या दोन भगिनींची बोटे संधिवाताने वाकली आहेत. दार धरून हळूहळू मिटविणे हे बोटांचे काम. ते त्यांना जमत नाही. एक बाळ दचकून उठले की बाकीची रडू लागत, आणि या दोघींना ओशाळे वाटे. कोणी बोलत नसे, पण वाटे. आज त्या कोपराने दार लोटतात आणि पुढच्या कामाला वळतात. दारात बोट सापडण्याचे मुलांचे भयही कमी झाले.

आईने हळू दार लावण्यास शिकविले, हे खरे. परंतु ते आईने मुलीलाच शिकविले, मुलाला फारसे नाही. घरातील शांतता बाईच्या मनगटाने राखावी, आणि ती मोडली तर तिच्या वळणाला दोष द्यावा, असा तो रिवाज होता. आजीच्या फडताळाने तिची चहाडी केली. चाळीतील त्या बाईंना डोलीच्या दाराने नाव पाडले. बोटाएवढ्या नळीतील चार थेंब तेलाने ते ओझे आपल्या अंगावर घेतले असेल, तर त्यात आईचा अपमान आहे असे मला वाटत नाही. हळूपणा शिकावाच, पण तो माणसांशी वागताना उपयोगी पडावा, दारांशी नव्हे.

जाता जाता एक विनंती. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत जुन्या वाड्यांपाठोपाठ आता १९७० च्या सुमारास बांधलेल्या इमारतीही पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. त्यांच्याबरोबर फडताळे, डोल्या, मांडण्या आणि कडप्प्याचे ओटे नाहीसे होत आहेत. सर्व जपून ठेवणे कोणालाच शक्य नाही. परंतु तुमच्या घरचे फडताळ मोडीत जाण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र काढा. कोणत्या खणात काय असे, किल्ली कोणाकडे असे, आणि ते उघडताना कोणाची भीती वाटे, हे घरातील सर्वांत वडील बाईला विचारून चार ओळींत लिहा. असे कागद मंडळाच्या कपाटात जमा करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. ओट्याच्या डाव्या हाताचे, खिडकीजवळचे कपाट त्यासाठी रिकामे करून ठेवले आहे. सोमवार ते शनिवार, दुपारी तीननंतर, केव्हाही आणून द्यावेत.